काका, तुमच्या यादीबद्दल

परभणी

आदरणीय काका आणि काकू,
सा. न. वि. वि.

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला आम्ही आहारसल्लागार आहार लिहून देतो. पण तो कागद चुलीपर्यंत जायच्या आधी मोंढ्यातल्या तुमच्या किराणा दुकानात काट्यावर येतो. महिन्याचा किराणा भरला की त्या घराने महिनाभर काय खायचं ते ठरून जातं. डब्यात आलेली शेव कोणीतरी खातंच, आणि न आलेली मटकी कोणी भिजवू शकत नाही. म्हणून हे जाहीर आभार तुमचे आहेत. गिऱ्हाईक सांगेल तेवढं बांधून देणं सोपं होतं. तुम्ही मात्र "घरात माणसं किती?" हा प्रश्न आधी विचारायला लागलात आणि त्यावरून महिन्याची यादी करून द्यायला लागलात.

सगळ्यात मोठं काम तुम्ही तेलाच्या बाबतीत केलंत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला वरून घ्यायचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसांना दिवसाला १०८ ग्रॅम. या हिशोबाने १५ किलोचा डबा साडेचार महिन्यांच्या वर पुरायला हवा. तो दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी रोज ६२ ग्रॅम तेल पोटात जातंय, म्हणजे ३५ ग्रॅम जास्त. एका ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, तेव्हा रोजच्या ३१५ कॅलरी निव्वळ वरच्या. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरवायला दिवसाकाठी साधारण ५०० कॅलरींची तूट लागते. तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा डब्याच्या तारखेतूनच निघतो. तुम्ही डब्यावर पेनने तारीख टाकून देता, तेवढ्याने बायाबापड्यांना हा हिशोब न शिकवता कळतो. ज्या दुकानाचा गल्ला तेलावर चालतो तिथे हे करायला मन मोठं लागतं.

वजन उतरवणाऱ्यासाठी आम्ही दिवसाला ४ चहाचे चमचे तेल सांगतो. चमचा ५ मिलीचा, म्हणजे एका चमच्याच्या ४० कॅलरी. घोळ होतो तो पळीमुळे. पळी कुणाकडे १५ मिलीची असते तर कुणाकडे ३० ची, आणि फोडणीत ती "एकच" घातलेली असते. तुम्ही तेलासोबत मापाचा चमचा ठेवायला लागलात, ते फार बरं केलंत. पिशवीवरचे ग्रॅम वाचून दाखवता तेही गरजेचं आहे. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि सगळ्याच पिशव्या १ लिटरच्या नसतात. पिशवी संपली म्हणून किती तेल गेलं हे कळत नाही, ग्रॅम पाहिले तरच कळतं.

आणि करडईच्या तेलाबद्दल तुम्ही खरं बोलता. घाण्याचं करडईचं तेल आपल्या भागाचं, चवीचं, त्यातलं स्निग्ध चांगल्या जातीचं. पण ते कोणाला बारीक करत नाही. चमच्याला ४० कॅलरी त्याच्याही आणि सोयाबीनच्याही. "हे घ्या, वजन उतरेल" म्हणून ते जादा भावाने विकता आलं असतं.

ज्वारीचंही तसंच. आजकाल भाकरी खाल्ली की वजन आपोआप उतरतं असा समज झाला आहे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३३० कॅलरी असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तितक्याच. शेतावर जाणाऱ्या माणसाची भाकरी १०० ग्रॅम पिठाची असते. बैठं काम करणाऱ्याने एका जेवणात तशा तीन खाल्ल्या तर हजार कॅलरी तिथेच झाल्या. भाकरीचा फायदा वेगळा आहे. तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि पोट धरून ठेवते. म्हणून आम्ही ६० ग्रॅम पिठाची भाकरी सांगतो, सुमारे २०० कॅलरींची. कागदावरचे ६० ग्रॅम कोणाला दिसत नाहीत. काकू काट्यावर ६० ग्रॅम पीठ तोलून त्या बाईच्या हाताच्या ओंजळीत घालतात, "एवढंच" म्हणतात, आणि ते माप पक्कं बसतं. आमच्या तक्त्यांना हे जमलेलं नाही.

लोक आठ दिवसांत पुन्हा चपातीवर येतात त्याचं कारण मन कच्चं हे नसतं, पीठ शिळं हे असतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते. भाकरी थापताना चिरते, तव्यावर टाकताना तुटते, चव कडवट लागते. मग घरातली पोरं ती बाजूला सारतात. उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. म्हणून तयार पिठाची पिशवी न देता तुम्ही धान्य देता आणि दळण आठ दिवसांचंच काढायला सांगता. चार माणसांच्या घरात निम्मं धान्य ज्वारीचं धरलं तर ते ४ किलो होतं. विरी गेलीच तर पीठ उकळत्या पाण्याने भिजवायचं, हेही तुम्ही सांगता.

रब्बीचा शाळू आणि खरिपाची ज्वारी वेगवेगळ्या पोत्यांत ठेवता, वाण विचारलं तर सांगता. 'परभणी मोती' रब्बीची, दाणा टपोरा आणि भाकरीला छान. २०१८ साली आपल्याच कृषी विद्यापीठातून आलेली 'परभणी शक्ती' खरिपाची. तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे, आणि रक्त कमी असलेल्या बाईने वजन उतरवायला घेतलं तर ही गोष्ट महत्त्वाची ठरते. खरिपाचा दाणा पावसात सापडून काळा पडलेला असेल तर तो तुम्ही घेतच नाही. स्वस्त मिळतो म्हणून कुणी असा दाणा मागितला तरी त्याला नाहीच म्हणत जा, अशी आमची विनंती आहे.

डाळीच्या रकान्यात मात्र तुम्ही आकडा वाढवलात. तेल, साखर, फरसाण कमी करायचं इतकंच लोकांना ठाऊक असतं. आहारातून नुसतं काढत गेलं तर चौथ्या दिवशी भूक अंगावर येते. डाळी-कडधान्यं दिवसाला ८५ ग्रॅम लागतात, चार माणसांना महिन्याला साधारण १० किलो. बहुतेक याद्यांवर असते ३ किलो तूर आणि १ किलो हरभरा डाळ. पातळ वरणाच्या वाटीत १५-२० ग्रॅमही डाळ नसते, बाकी पाणीच. तुमच्या यादीत तूर ३ किलो, मूग आणि सालीची मूगडाळ मिळून अडीच, हरभरा आणि फुटाणे मिळून २, मटकी दीड, मसूर १ असं असतं. खर्च वाढतो असं वाटतं, पण तेलाच्या आणि बिस्किटांच्या रकान्यात तो बराचसा भरून निघतो. अंडी-मांस खाणाऱ्यांना डाळ थोडी कमी चालते. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात. मोड आलेली मटकी भाजीत मोजू नये, ती डाळीतच धरायची, हा तुमच्याकडचा शेरा आम्ही आमच्या कागदावरही घेतला आहे.

सोयाबीनची वडी २५ ग्रॅम घेतली तर १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. घरचं सोयाबीन दळणात टाकणाऱ्यांना तुम्ही बजावता की ते भाजून घ्या आणि १० किलो धान्याला १ किलोच घाला. कच्चं सोयाबीन पचायला त्रास देतं. पोट फुगतं आणि मग सोयाबीनच नको होतं.

आता खोक्यांच्या फळीकडे. 'डायजेस्टिव्ह', 'मल्टिग्रेन', 'नाचणी' असं लिहिलेला पुडा तुम्ही उलटा करून गिऱ्हाइकापुढे धरता. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिलं नाव मैदा, मग साखर किंवा पामतेल असेल तर पुढच्या बाजूला कणसाचं चित्र असलं तरी तो मैद्याचा पुडा. नाचणीचं नाव मोठ्या अक्षरात असेल तर तिची टक्केवारीही दिलेली असते, ती पाहायची. साखरेची टोपणनावं असतात: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. माल्टोडेक्स्ट्रिनही त्याच घरचं. 'एका वेळच्या' कॅलरी न वाचता १०० ग्रॅमच्या वाचायच्या, कारण पुडा ७५ ग्रॅमचा आणि 'एक वेळ' २५ ग्रॅमची, पण उघडलेला पुडा तीन जणांत कोण वाटतं? १०० ग्रॅम बिस्किटं साडेचारशेच्या पुढे जातात, 'डायजेस्टिव्ह' नावाचीसुद्धा. 'शुगर फ्री' पुड्यात साखर नसली तरी तेल आणि मैदा असतोच.

त्या जागी तुम्ही मुरमुरे आणि फुटाणे पुढे आणलेत. ३० ग्रॅम मुरमुऱ्यांनी ताट भरतं आणि कॅलरी शंभर. ३० ग्रॅम शेव मुठीत मावते आणि कॅलरी १६५. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला करायचा तर एक चमचा तेल आणि भरपूर कांदा, इतकं पाळलं तरी पुरे. शेंगदाण्याचं मात्र जपून. दाणे चांगलेच आहेत, पण ३० ग्रॅम कुटात दीडशेच्या वर कॅलरी असतात, आणि आपल्याकडे कूट भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत, चटणीत सगळीकडे पडतो. तीळ, जवस, कारळाच्या चटण्याही त्याच रकान्यातल्या. वजन उतरवणाऱ्याला हे सगळं मिळून १५-२० ग्रॅम.

गुळाबद्दल थोडक्यात: १०० ग्रॅमला साखरेच्या ३९८, गुळाच्या ३८३. गुळाचा चहा म्हणून दोन कप जास्त घेतले की सगळं बरोबरीत.

एकादशीच्या आदल्या दिवशी साबुदाणा न्यायला आलेल्यांशी तुम्ही वाद घालत नाही, हे आम्हाला मनापासून आवडतं. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप यांची खिचडी ४०० कॅलरींची होते, तिच्यात दाणे सोडले तर प्रथिन जवळजवळ नाही. तुम्ही भगर पुढे करता. भगरीच्या कॅलरी वजनाला वजन फार कमी नाहीत, पण ती पाणी धरते, कमी धान्यात पोट भरतं आणि ताकासोबत खाता येते. तिच्यासोबत दाण्याची आमटी वाटीभर घेतली तर मात्र हिशोब पुन्हा खिचडीवर येतो.

दुधाच्या पिशव्यांवरचे आकडे तुम्ही फळ्यावर लिहिलेत: फुल क्रीम ६ टक्के स्निग्ध, टोन्ड ३, डबल टोन्ड दीड. म्हशीचं सुटं दूध घेणाऱ्यांनी तापवून, गार करून साय काढली तरी चालेल, फक्त तीच साय साठवून तुपाच्या रूपाने परत ताटात येऊ नये.

भाजी तुम्ही विकत नाही, तरी यादीच्या तळाशी "भाजी आठवड्याला ११ किलो" लिहिता. माणशी ४०० ग्रॅम धरले तर चार जणांचा आकडा जवळपास तेवढाच येतो, आणि तो पाहून लोक दचकतात. आठवडी बाजारातून एकदाच एवढी आणली तर उन्हाळ्यात पालेभाजी दुसऱ्या दिवशी माना टाकते. म्हणून पहिल्या दोन दिवसांना तांदुळजा, चुका, शेपू, मग दोडका, गवार, आणि शेवटी दुधी, कोबी, वाळूक. फळांत पेरू आणि पपई हलकी. जालन्याची मोसंबी फोडी करून खावी. रसाच्या पेल्यात तीन-चार जातात आणि चोथा टाकला जातो.

एका गोष्टीसाठी विशेष आभार. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने एकाएकी धान्य निम्म्यावर आणलं तर त्याची साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. अशा माणसाची यादी तुम्ही स्वतः कमी करत नाही, आधी डॉक्टरांकडे धाडता. किराण्याच्या दुकानातून ही काळजी घेतली जाते, याचं मोल आम्हाला कळतं.

एक मागणी आहे. फुटाणे आणि मटकी पाव किलोच्या पुड्यांत बांधून गल्ल्याजवळ ठेवाल का? आत्ता तिथे पाच रुपयांच्या वेफर्सच्या माळा लटकतात, आणि सुटे पैसे परत घेताना हात तिकडेच जातो.

कळावे, लोभ असावा.

आपल्या,
परभणीतल्या आहारसल्लागार