मॅडम, तुम्ही खुर्ची ओढून बसलात म्हणून

प्रिय मॅडम,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण वाचलंत तर पहिल्या ओळीतच ओळखाल.

‘आय विल मेक अप द फिगर्स बाय इव्हनिंग.’ संध्याकाळपर्यंत आकडे पूर्ण करून देते, एवढंच मला म्हणायचं होतं. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, आकडे मनाने रचून देते! हिशोबाच्या कामात असं वाक्य. साहेबांनी ती मेल सगळ्यांना पाठवली, वर हसण्याचं चिन्ह टाकून. नक्की काय चुकलं ते मात्र एकानेही सांगितलं नाही.

तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत, शेजारी बसलात आणि हळूच विचारलंत, “तुला काय म्हणायचं होतं?”

मॅडम, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. शाळेत लाल रेघ मिळाली. क्लासमध्ये फी भरून जोडशब्दांच्या याद्या मिळाल्या, प्रत्येकापुढे एकच अर्थ. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, करा पाठ. मग एखाद्या वासाने माणूस ‘पुट ऑफ’ होतो, म्हणजे त्याचं मनच उडतं, हे कुणी सांगायचं? शंका विचारली की उत्तर ठरलेलं, “इंग्रजी असंच असतं.”

तुम्ही पेन्सिलीने चार ओळी लिहिल्यात. ‘मेक अप’च्या पुढे गोष्ट आली तर रचणं. वाया गेलेला वेळ आला तर भरून काढणं. ‘माइंड’ आलं तर मनाशी ठरवणं. भांडलेली दोन माणसं आली तर दिलजमाई. मग म्हणालात, “आपण हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो. कुणाला लागतं का?” मला हसू आलं आणि डोळेही भरले. जे इंग्रजीत मला अवघड वाटत होतं, ते मी लहानपणापासून माझ्या भाषेत रोज करत होते.

त्यानंतर मी शब्द एकटा बघायचं सोडलं. ‘हेवी बॅग’ खरंच जड असते, पण ‘हेवी स्मोकर’ काडीसारखा असला तरी चालतो आणि ‘हेवी स्लीपर’ म्हणजे गाढ झोपणारा. पाऊस ‘हेवी’, वारा मात्र ‘स्ट्राँग’. ‘क्वाइट गुड’ अमेरिकन माणूस म्हणाला तर मनापासून कौतुक, ब्रिटिश म्हणाला तर बऱ्याचदा नुसतं ‘बरं आहे’. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1957 साली लिहून ठेवलंय की शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून पटते. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधतात, तेच हे.

चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात, मॅडम. समोरच्याला काय म्हणायचं होतं ते आधी ऐकून घेणारी माणसं फार थोडी, आणि त्यांच्याशी बोलताना आवाज आपोआप मोकळा होतो. माझा झाला. आता मी मीटिंगमध्ये बोलते. अडले तर तिथेच विचारते.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पेन्सिल पुसट झालीय. त्या दिवशी गळा इतका दाटला होता की साधं ‘थँक्यू’ही तोंडातून निघालं नाही. ते आज लिहितेय, तुम्ही ज्या भाषेत मला विचारलंत त्याच भाषेत. मनापासून आभार.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची