उन्हातल्या प्रवासाबद्दल दत्ताला

बेळगाव

प्रिय दत्ता,
स. न.

मे महिन्यात अथणीवरून विजापूरला मोटरसायकलनं जाणार म्हणतोस. बेळगावच्या हवेवर जाऊ नकोस बाबा. संकेश्वर, चिकोडी मागं पडली की गारवा संपला. अथणीकडं पारा चाळिशीला टेकतो. पहाटे साडेपाचला नीघ आणि बारा ते चार सावली सोडू नकोस. चारनंतर वळीव आला तर पहिली दहा-पंधरा मिनिटं थांबच, रस्त्यावरचं तेल आणि धूळ भिजून डांबर निसरडं होतं.

उकडतंय म्हणून जॅकेटची चेन उघडून वारं घेणारे पुष्कळ दिसतात. पण कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की वारं अंगाला उलट भाजतं. घामही आला कधी नि वाळला कधी कळत नाही. अंग कोरडं, म्हणून तहानेकडं दुर्लक्ष, आणि आतलं पाणी चाललेलंच. म्हणून सुती बनियन भिजवून, हलकं पिळून आत घाल, वर बाह्यांचं जॅकेट. चेन छातीपर्यंत बंद, गळ्याशी आणि मनगटाशी थोडी फट. वारं ओल्या कापडावरून बेतानं फिरलं पाहिजे. बनियन अर्ध्यापाऊण तासात वाळतं, परत भिजव. गळ्यातल्या ओल्या पंच्याची टोकं आत खोच, चेन-चाकात गेली तर फास बसेल. ही युक्ती कोरड्या हवेतली. कोकणात उतरलास तर घामच वाळत नाही, तिथं तिचा उपयोग नाही.

दर पाऊण तासाला थांबून पाव ते अर्धा लिटर पाणी पी. नुसतं पाणी ढोसू नकोस, मीठही जातं. ओआरएसच्या पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाल. पुडी नसली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, तसाच अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ घातलेलं ताक किंवा आंबील मिळाली तर फारच छान. बिअर मुक्कामाला पोचल्यावरसुद्धा नको.

टायरची हवा सकाळी, टायर गार असताना बघ. दुपारी दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडलीस तर रात्री टायर कमी हवेचा, आणि तोच दुसऱ्या दिवशी जास्त तापतो. इंजिन ऑइल बघून घे. रेल्वे गेटवर इंजिन बंद कर, एअर-कूल्ड गाडीला उभ्या उभ्या वारं मिळत नाही. टाकी काठोकाठ भरू नकोस. अथणीत चपला खुशाल घे, नामी मिळतात, पण गाडीवर पायात बूटच.

डोकं ठणकायला लागलं, मळमळलं किंवा उन्हात अंगावर काटा आला, तर पुढचं गाव गाठू म्हणू नकोस. सावलीत थांब, हेल्मेट, जॅकेट, बूट काढ, डोक्या-मानेवर पाणी ओत. मागं बसणाऱ्याला आत्ताच सांगून ठेव: हा असंबद्ध बोलायला लागला, तर किल्ली काढून घ्यायची, १०८ ला फोन करायचा, अंग भिजवून वारा घालत राहायचं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

तुझा,
विलास