अकरा वर्षांच्या गाडीची बाजू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी वाचकांच्या पत्रांत एकाने लिहिलं होतं की दहा वर्षांवरची एकही गाडी रस्त्यावर दिसता कामा नये, धूरही त्यांचाच आणि भर ट्रॅफिकमध्ये बंद पडणाऱ्याही त्याच. वाचून जरा लागलं, खोटं कशाला बोला. माझी गाडी २०१४ ची, एमएच ०४, एक लाख अठरा हजार किलोमीटर चाललेली, आणि इतक्या वर्षांत टोचन लावून आणायची वेळ एकदाच आली, तेही बॅटरी संपत आलीय हे माहीत असून मी दिवाळीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू करत राहिलो म्हणून. ऑटोमॅटिक असल्याने धक्का मारून चालू व्हायचाही प्रश्न नव्हता, माजिवड्याच्या पुलाखाली सगळ्यांच्या शिव्या खात उभा होतो. ती चूक माझी, गाडीची नाही.

गाडी म्हणजे दिसायला साधी छोटी हॅचबॅक, पण बॉनेटखाली टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), शंभरावर हॉर्सपॉवर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार कंपनीची नाहीच. आपल्याकडे मधली काही वर्षं अशा गाड्यांची हौस आली होती, २०१५ मध्ये १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो आली, २०१७ मध्ये बलेनो आरएस, २०१८ मध्ये टियागो जेटीपी, आणि सगळ्या एकेक करून बंद झाल्या कारण हौस करणारे बोलायला भरपूर आणि विकत घेणारे मोजके. माझीही आता बनत नाही. लग्न झालं तेव्हा दोघांसाठी घेतलेली, पहाटे उठून माळशेजला जाऊन चहा पिऊन परत यायचो. आता त्याच गाडीत आई, बायको, नऊ वर्षांची मुलगी, तिचं दप्तर, आणि रविवारी येताना वाशीच्या मार्केटमधून घेतलेली कांद्याची गोणी. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, ती म्हणते देवळातसुद्धा एवढं वाकावं लागत नाही जेवढं तुझ्या गाडीत बसताना. सीट खाली आहेत, खरंय. पण घोडबंदर रोडवर डिव्हायडर तोडून अचानक कोणी समोर आलं की हीच गाडी जागच्या जागी थांबते आणि हललीही नाही असं वाटतं, ते आईलाही माहितीये, म्हणून कुरकुर करत का होईना बसते.

आता धुराचं. त्या पत्रलेखकांनी सगळ्या जुन्या गाड्या एका पोत्यात घातल्या. माझी बीएस ४ आहे, म्हणजे सरकारने गाड्यांच्या धुरावर घातलेल्या मर्यादांची चौथी पायरी. पेट्रोल गाडीला बीएस ४ मध्ये किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ८० मिलिग्रॅम होती, २०२० ला बीएस ६ आलं तेव्हा ती ६० झाली. कार्बन मोनॉक्साइडची आहे तीच राहिली. डिझेलमध्ये नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा २५० वरून ८० वर आला, म्हणजे मोठी उडी तिकडे होती. एक गोष्ट मात्र माझ्या विरोधात जाते ती पण सांगतो, माझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं आहे आणि अशा पेट्रोल इंजिनांच्या बारीक कणांवर बीएस ४ मध्ये मर्यादाच नव्हती, ती बीएस ६ मध्ये आली. तेव्हा मी काही गंगेत न्हालेला नाही. पण आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये चार वर्षांची एक गाडी आहे जिचं इंजिन ऑइल कधी बदललं ते मालकालाच आठवत नाही, ती सकाळी चालू झाली की खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. आरसी बुकात जन्मतारीख असते, तब्येत नसते.

आणि बऱ्याच लोकांचा समज असतो की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. दिल्लीची गोष्ट वेगळी, आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षांनी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, की पुढची पाच वर्षं मिळतात. माझी वेळ २०२९ ला येईल. ती तपासणी खरोखर कडक असावी, ब्रेक, सस्पेन्शन, धूर सगळं मशिनवर बघावं, याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. नुसती सायलेन्सरमध्ये नळी घालून पावती देणं म्हणजे तपासणी नव्हे.

सांभाळायला किती लागतं ते सांगतो, कारण शेजारी विचारतात की एवढा खर्च कशाला, सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, नवी घे की. गेल्या वर्षी गाडी थंडीत झटके मारायला लागली, इंजिनचा दिवा पेटला. सर्व्हिस सेंटरला नेली (कुठलं ते राहू दे), त्यांनी चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देतात त्या), चारही प्लग, इंजेक्टरची सफाई, वर आणखी काही बाही लावून छत्तीस हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. मी म्हटलं उद्या सांगतो. घरी येऊन तो छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावली आणि तीनची दोनवर, कोड पुसला, उपवनपर्यंत एक चक्कर मारली, दिवा परत पेटला आणि आता कोड पी ०३०३. म्हणजे आजार कॉइलबरोबर सरकला! एक कॉइल खराब, बाकी तीन ठणठणीत. एक कॉइल आणि चार प्लग, सात हजारांच्या आत काम झालं. हे मी काही इंजिनिअर आहे म्हणून नाही, मी बँकेत आहे. वागळे इस्टेटमधला माझा मेकॅनिक हे असंच करतो, त्याच्याकडे बघून शिकलो. तो म्हणतो, साहेब, पार्ट बदलणारे शंभर मिळतील, शोधणारा एखादाच.

पार्टचीही एक गंमत असते. कंपनीचा पीस पंधरा दिवसांनी येतो नाहीतर येतच नाही, मग त्याच कंपनीला माल पुरवणाऱ्याचा पीस, वर डब्यावर दुसरा शिक्का, किंमत निम्मी. त्याखाली डुप्लिकेट, तो सस्पेन्शनला कधीच घेऊ नये, सहा महिन्यांत बुश भुसभुशीत होतात. आणि सगळ्यात शेवटी कुर्ल्याच्या बाजारातला, जुन्या गाड्यांमधून काढलेला माल. आरशाचं कव्हर, दाराचं हँडल, आतली प्लास्टिकची झाकणं यासाठी कुर्ला झकास, पण ब्रेकचं आणि रबराचं काहीही तिथून आणू नका. टायरसुद्धा नवा म्हणून देतात तेव्हा बाजूचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. मला एका दुकानात दोन वर्षं पडून असलेला टायर ‘फ्रेश स्टॉक’ म्हणून देत होते.

ऑइल मी पंधरा हजारांची वाट न बघता साडेसात हजारांना बदलतो, फुली सिंथेटिक. टर्बो गरम असतो, हायवेवरून जोरात येऊन लगेच इंजिन बंद केलं की आतलं ऑइल तिथेच करपतं, म्हणून बिल्डिंगखाली आल्यावर मिनिटभर चालू ठेवतो, वॉचमनला वाटतं मी कोणाची तरी वाट बघतोय. गिअरबॉक्स दोन क्लचवाला, तोही कोरडा, म्हणजे क्लच थंड ठेवायला तेल नाही. म्हणजे बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये इंच इंच पुढे सरकवत राहिलं की क्लच अर्धवट धरून घासत राहतो आणि तापतो. म्हणून मी पुढच्या गाडीला जरा जाऊ देतो, जागा झाली की एकदम सुटतो. त्या जागेत काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको, दोन रिक्षा आणि एक टेम्पो घुसतो आणि मागचा हॉर्नवर हात ठेवून बसतो. बायको म्हणते तुझ्या क्लचपायी आपण एक सिग्नल जास्त थांबतो. थांबतो.

पण संपादक साहेब, खरं सांगू का, या गाडीला वयाने जेवढं म्हातारं केलं नाही तेवढं रस्त्याने केलंय. माझा टायर १८५/६० चा (रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६० टक्के), म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर जेमतेम ११ सेंटिमीटर. साध्या गाडीच्या १६५/८० ला ते १३ असतं. दोन सेंटिमीटर म्हणजे काय असं वाटेल, पण पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा लागला की तेवढ्यातच ठरतं की नुसता धक्का बसणार की टायरला फुगा येणार. गायमुखच्या घाटात जुलैमध्ये एका रात्रीत एक टायर आणि एक अलॉय गेलं. लोअर आर्मचे बुश दोनदा, लिंक रॉड तीनदा, इंजिन माउंटिंग एकदा. पाम बीच रोडवर नेली की हीच गाडी रेशमासारखी चालते, मग दोष कोणाचा?

स्पीड ब्रेकर तर विचारूच नका. भारतीय रोड काँग्रेसने माप ठरवून दिलंय, उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे चढ असा मंद की गाडी हळूच वर जाऊन खाली येते. आमच्या सर्व्हिस रोडवरचा ब्रेकर हाताने डांबर ओतून थापलाय, रुंदी एका पावलाची, पट्टे नाहीत, रात्री दिसत नाही. चौघं बसलो की इंजिनखालचं कव्हर घासतं. मुलगी मागून ओरडते, बाबा आला, आणि सगळे पोट आत घेतात, जणू त्याने गाडी वर उचलली जाणार आहे. स्कूटरवरून जाणाऱ्या बायका त्याच्यावर पडल्यात, माझं कव्हर तर सोडाच.

दुसरं म्हणजे पेट्रोल. माझ्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल. देशात १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये झालं, २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० होतं ते २०२५ वर आणलं, आणि आता पंपावर गेलं की सगळीकडे २० टक्केवालंच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज पडणार हे गणित आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ६ ते ७ टक्के अॅव्हरेज कमी होईल. मी वहीत फुल टँक ते फुल टँक हिशेब ठेवतो, १२.८ चं ११.७ झालंय. सगळं इथेनॉलवर ढकलणार नाही, याच दोन वर्षांत मेट्रोच्या कामाने आणि खड्ड्यांनी माझा अर्धा वेळ पहिल्या गिअरमध्ये जातो. आणि ऑक्टेन वाढतं, जे टर्बोला चांगलंच, हेही खरं. पण रबराचे पाइप आणि सील यांचं काय? केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागतील, स्वस्तात होतं. स्वस्तात होत असेल, पण ज्याच्या गाडीचे पार्टच येणं बंद झालंय त्याने स्वस्तातलं आणायचं कुठून? शेतकऱ्याला पैसे मिळावेत, ऊस जावा, माझा काही विरोध नाही, आमच्या मामांचाच ऊस आहे. मागणी एवढीच की प्रत्येक तालुक्यात दोन-चार पंपांवर तरी १० टक्केवालं वेगळ्या नळीने द्या, दोन रुपये जास्त घ्या, आणि प्रत्येक पंपावर किती टक्के आहे ते दिसेल असं मोठ्या अक्षरात लिहा.

इन्शुरन्सचं थोडक्यात. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली तिची किंमत, आता दोन लाखांच्या आसपास. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. म्हणजे कोणी समोरून ठोकलं आणि बंपर, हेडलाइट, रेडिएटर, टर्बोचा कूलर एवढं गेलं तरी दीड लाख होतात आणि धडधाकट गाडी कागदावर मेली. जुनी गाडी वापरणाऱ्यांनी दरवर्षी आयडीव्ही किती लावलीय ते बघूनच पैसे भरावेत, हप्ता कमी दाखवायला ती गुपचूप खाली आणतात.

पत्र लांबलं, माफ करा, कापायचं असेल तर कॉइलचं कापा पण ब्रेकरचं ठेवा. ज्यांच्या अखत्यारीत तो सर्व्हिस रोड येतो त्यांनी माप धरून तो परत बांधावा, आणि ते होईपर्यंत निदान पांढरे पट्टे मारावेत. आता थांबतो, उद्या सकाळी आठला गाडी वागळेला लावायचीय, मागच्या डाव्या चाकातून टकटक येतंय असं मुलगी दोन दिवस म्हणतेय आणि मला अजून ऐकू आलेलं नाही, पण तिचा कान आजवर चुकलेला नाही.

आपला,
एक वाचक, कासारवडवली, ठाणे (प.)