आगीची वेळही शिकवा

महोदय,
ऑस्ट्रेलियातील वणवे शिकवताना ‘आग म्हणजे विनाश’ इथेच थांबू नये. उत्तरेकडील अर्नहेम लँडमधील आदिवासी कोरड्या ऋतूच्या (तिथे साधारण मे ते ऑक्टोबर) सुरुवातीला, गवतात ओल असतानाच, ठिकठिकाणी छोटे पट्टे जाळतात. ज्वाळा बुटक्या राहतात, झाडांचे शेंडे वाचतात. रात्री दव पडले की आग बहुधा आपोआप विझते. ऑगस्टनंतर गवत कडकडीत वाळलेले असते, तेव्हा हीच आग शेंड्यांपर्यंत चढते.

वर्गात काडी पेटवायची गरज नाही (पेटवूही नये!). एक चौरस मीटरमधला पालापाचोळा गोळा करून तोलावा, चांगला वाळवून पुन्हा तोलावा. वजनातली घट म्हणजे ओल. पावसाळा सरताना आणि ऐन कोरड्या दिवसांत असे दोनदा करावे. पाचोळा दवाने भिजलेला असताना घेतला तर आकडे फसवतात, म्हणून दुपारीच गोळा करावा.

– एक विज्ञान शिक्षक