मुक्त बाजाराची सभा लारीपाशी घ्या

महोदय,

सरकारनं व्यापारात कमीत कमी हात घालावा, असं सांगणाऱ्या एका संस्थेचं व्याख्यान ऐकून आले. करकपातीवर बोलून झालं, परकी गुंतवणुकीवर बोलून झालं. दीड तासात लारीचं, म्हणजे रस्त्यावरच्या विक्रेत्याच्या हातगाडीचं, नाव निघालं नाही, ते फार लागलं.

मुक्त बाजाराचा विचार आमच्या घरचाच. वडिलांचं रावपुऱ्यात लेथचं लहान वर्कशॉप होतं, लोखंडाच्या सरकारी कोट्यासाठी अर्ज करकरून ते थकले. राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) आणि मिनू मसानींनी १९५९ मध्ये मुक्त बाजार मानणारा स्वतंत्र पक्ष काढला, तेव्हापासून वडील त्यांचेच. १९६७ साली त्यांनी पक्षाच्या ताऱ्याच्या चिन्हावर शिक्का मारला. गुजरात विधानसभेत पक्षाच्या ६६ जागा आल्या. मुंबईहून फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज या मुक्त उद्योगाचा प्रचार करणाऱ्या संस्थेच्या पुस्तिका टपालानं यायच्या. इंग्रजीत! वडील सातवी शिकलेले, म्हणून शब्दकोश घेऊन मी शेजारी बसायची.

सरकार नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं शिक्षण केलं नसतं, तर माझी आजी सही करायला शिकली नसती.

पुढे मी वीस वर्षं पोळीभाजीची लारी लावली. एका दुपारी पालिकेनं ती उचलून नेली. पातेल्यातली भाजी गरम होती. यादी नाही, पावती नाही. चार खेपा घातल्यावर लारी मिळाली, पातेली गेली ती गेलीच. तेव्हा कायदा नव्हता. आज २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका. या कायद्यासाठी अहमदाबादची ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना झटली आणि मुक्त बाजारवाली दिल्लीची सेंटर फॉर सिव्हिल सोसायटीही. मग इथल्या मंडळींनाच लारी का दिसू नये?

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हटलं, ते बांधावरच्या माणसाला एका दमात कळलं. तसं बोला. पुढची सभा खंडेराव मार्केटबाहेर संध्याकाळी घ्या, आणि या कायद्याची कलमं गुजराती-मराठीत छापून वाटा. मराठी मजकूर मी करून देईन. वडिलांचा शब्दकोश अजून माझ्याकडे आहे.

– एक निवृत्त लारीवाली, दांडिया बाजार, वडोदरा