आधी पिना काढा, मग स्कॅनर आणा

मा. मंत्रिमहोदय, सार्वजनिक ग्रंथालय खाते, कर्नाटक शासन, यांस

स. न. वि. वि.

अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात याल, तेव्हा सीमाभागातली जुनी मराठी साप्ताहिके स्कॅन करा, अशी मागणी कुणीतरी करणारच. मागणी रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच, की स्कॅनरची खरेदी सगळ्यात शेवटी ठेवा. (पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे.)

‘बेळगाव समाचार’ १८६३ चा. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये काढलेला ‘तरुण भारत’ सुरुवातीला साप्ताहिकच होता आणि शामराव देसाईंचा ‘राष्ट्रवीर’ १९२१ चा. या नावांची दखल इतिहासात आहे. प्रश्न आहे तो निपाणी, खानापूर, चिकोडीसारख्या गावांतल्या चार पानी पत्रांचा. तंबाखूचा दर, यात्रेची तारीख, शाळेच्या खोलीची वर्गणी, जमिनीच्या व्यवहारावर हरकती मागवणारी जाहीर नोटीस हे सगळे तिथे सापडते. निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनात कुठल्या गावातून किती भाकरी आल्या, हे शोधायचे तर दुसरीकडे कुठे जाणार?

या पत्रांची दुसरी प्रत बहुधा नसतेच, आणि त्याचे कारण छापखान्यात आहे. जुळाऱ्याकडे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, मोजकेच असत. चारही पाने एकदम जुळवली तर काना आणि ‘र’ आधी संपत. म्हणून दोन पाने छापून झाली की खिळे रॉकेलने धुवायचे, आपापल्या घरात परत टाकायचे आणि मग उरलेली दोन पाने जुळवायची. अंक टपालात पडेपर्यंत मजकूर मोडलेला असे. मागे प्लेट नाही, निगेटिव्ह नाही, उरला तो फक्त कागद. पुढे संगणक आला तरी फार फरक पडला नाही. पाने पेजमेकर या पाने लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली, अक्षरे ‘श्रीलिपी’ नाहीतर ‘आकृती’ या फॉन्टची. फ्लॉपी चुकून उघडली आणि तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो.

शिवाय १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचे सरकारी कागद मुंबईत शोधायचे आणि नंतरचे बेंगळुरूत. गावची फाइल मात्र गावच्या वाचनालयाच्या माळ्यावरच असते.

तिथे तिची गत काय होते? वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन उजेडाने पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि घडीवर पान तुटते. खानापूरकडच्या पावसात पिना गंजतात आणि गंजाभोवतीचा कागद पहिल्यांदा झडतो. पण खरे सांगायचे तर कसर आणि वाळवीपेक्षा जास्त नुकसान माणसांच्या दुरुस्तीने केले आहे. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन शाईत उतरतो. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडर मोरचूद घालतात, त्यातले तांबे कागद आणखी लवकर कुजवते. लॅमिनेशन केलेले पान तर पुन्हा सोडवता येत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे कटर. बांधणी सरळ दिसावी म्हणून खालची कड कापली, की शेवटच्या पानाच्या तळाची ‘मुद्रक-प्रकाशक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले’ ही ओळ जाते. १८६७ च्या कायद्याने सक्तीची झालेली ती ओळ म्हणजे पत्राचा जन्मदाखला. मालकी पाहायची असेल तर फेब्रुवारीनंतरचा पहिला अंक काढावा. १९५६ च्या केंद्रीय नियमांनुसार मालक, मुद्रक, संपादक यांची नावे देणारा ‘फॉर्म ४’ त्यातच छापावा लागे. फाइलमधून मार्चचा हा अंक गेला, तर त्या वर्षाचा मालकच हरवला म्हणायचे.

म्हणून कंत्राटात क्रम लिहून द्या. आधी अंकवार यादी: वर्ष, अंक, तारीख, पाने, गहाळ अंक. छापलेला अंक क्रमांक पुष्कळदा चुकलेला असतो, तेव्हा भरवसा तारखेवर ठेवावा. मग मऊ ब्रशने धूळ काढणे आणि पिना उचलणे. बांधणी कडेने शिवलेली असेल तर टाके कापून पाने सुटी करावीत, नाहीतर आतला अर्धा स्तंभ शिवणीत राहतो आणि स्कॅनमध्ये काळी पट्टी येते. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावावी, बाकी काही नको.

स्कॅन वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), रंगीत. पानाखाली काळा कागद ठेवावा, म्हणजे मागच्या बाजूची अक्षरे झिरपत नाहीत. स्कॅनची मूळ प्रत टिफमध्येच, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या फाइलमध्येच हवी. १५ बाय २० इंचाचे एक पान साधारण १४४ एमबीचे होते. वर्षाला ५२ अंक, चार पानांप्रमाणे २०८ पाने; तीस वर्षांची ६,२४० पाने, म्हणजे सुमारे ९०० जीबी. हे सारे दोन टीबीच्या एका डिस्कवर सहज मावते. अशा दोन डिस्क घ्याव्यात आणि दोन गावांत ठेवाव्यात.

पैशांसाठी नवी योजना काढायला नको, मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर गोळा होतोच. त्यातून प्रत्येक तालुक्याला एक प्रशिक्षित दुरुस्तीकार आणि आम्लरहित खोके मिळावेत. आणि स्कॅन झाल्यावर मूळ फाइल रद्दीत घालायची नाही, ती गावच्याच वाचनालयात परत जाईल, हे आदेशात स्पष्ट लिहावे.

काम फेब्रुवारी ते मे या महिन्यांतच सुरू करा. जून ते सप्टेंबर या काळात खानापुरात बांधणी सोडू नये, सुटी पाने ओल धरून एकमेकांना चिकटतात.

आपले,
सीमाभागातील जुन्या साप्ताहिकांच्या फायली सांभाळणारे वाचनालय-कार्यकर्ते