ढवळ्या, पवळ्या आणि ब्लू डन

काकाजी,

साष्टांग नमस्कार. समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "काहून बे, पाहुणा झाला का तू?" म्हणून उडवून लावाल. म्हणून चारचौघांना दिसेल असं लिहितो.

उन्हाळ्यातली गोष्ट. हिमाचलात ट्राउट मासे धरायला जाणाऱ्या एका गिऱ्हाइकानं माझ्याकडून दोन डझन नकली माश्या मागवल्या होत्या, माशांना आमिष म्हणून हुकावर दोरा आणि पीस गुंडाळून करतो त्या. पीस 'ब्लू डन' पाहिजे म्हणाले. मी पांढऱ्या कोंबड्याची पिसं आणली, निळ्या रंगात उकळली आणि पाठवून दिली. आठव्या दिवशी पार्सल परत! तुम्ही डबी उघडली, एक पीस उन्हात धरलं. देठसुद्धा निळा. "पाण्यात नीळ टाकली का बे?"

मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. मग तुम्ही विचारलंत, आपल्या ढवळ्याचा ढवळण्याशी काय संबंध? अन् पवळ्या काय पोवळ्याच्या माळेसारखा लालभडक असतो? डन हा इंग्रजीतला गुराघोड्यांचा जुना शब्द, मातकट करड्या अंगाचा. त्यातला ब्लू म्हणजे भिजलेल्या पाटीचा रंग. जनावरांच्या दवाखान्यातली तुमची तीस वर्षं तेव्हा कामी आली. अंदालुशियन कोंबड्यांचं गणित तुम्ही ओट्यावर खडूनं मांडलंत: निळ्याशी निळी लावली तर सरासरी निम्मी पिल्लं निळी, पाव काळी, पाव ठिपक्यांची पांढुरकी. अस्सल पीस महाग का, ते तिथंच कळलं.

मग काकूंचं सूप घेऊन तुम्ही पिसं पसरलीत. पिसांच्या नावांतलं ग्रिझली म्हणजे मला अस्वलाचे केस वाटायचे. तुम्ही म्हणालात, "कबरा म्हण अन् मोकळा हो." प्लायमाउथ रॉकचे काळे-पांढरे आडवे पट्टे. नरात पट्ट्याचं जनुक दुहेरी, म्हणून त्याचे पांढरे पट्टे रुंद. मादी जरा काळपट. बॅजर आणि फर्नेस ओळखायचे तर मधली रेघ पाहायची. दोन्हीत ती काळी. कडा पांढुरकी असली तर बॅजर, तांबडी असली तर फर्नेस, भट्टीतल्या कोळशासारखा. जिंजरला मी आल्याचा रंग शोधत बसलो होतो. काकूंनी आतून आपलं जुनं कोशाचं लुगडं आणून पिसाशेजारी धरलं. जुळलं की!

त्या पार्सलात माझे पैसे गेले ते गेले. पण आता नाव वाचलं की आधी डोळ्यांपुढं कोंबडा येतो, रंगाची पुडी नाही. त्याच गिऱ्हाइकानं परवा बारा 'ॲडम्स' मागवल्या. ही १९२२ सालची अमेरिकेतल्या मिशिगनची माशी. तिला तपकिरी आणि ग्रिझली अशी दोन पिसं एकत्र गुंडाळावी लागतात. क्री नावाच्या रंगाचं पीस मिळालं तर एकातच भागतं, कारण त्यात पांढरा, कोशाचा आणि काळा असे तिन्ही पट्टे असतात. पण क्री ठरवून पैदा होत नाही, नशिबानंच निघतो.

काकाजी, तुमच्या गोठ्यामागं फिरतो तो लंगडा कोंबडा नीट पाहिला का? काल त्याचं मानेचं एक पीस पडलेलं सापडलं, वहीत ठेवलंय. तिन्ही पट्टे आहेत. पोळ्याच्या करीला त्याला हात लावू नका. बदल्यात मी दोन ब्रॉयलर आणून देतो.

तुमचाच,
पलीकडच्या गल्लीतला नीळवाला